हातउसने, उधारी आणि जामीन: देण्याचं बंधन कागदावर कसं आणायचं आणि मुदतीत कसं टिकवायचं

"सुगी झाली की देतो." मराठवाड्यातल्या कुठल्याही मोंढ्यात, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, लग्नघराच्या ओसरीवर या एका वाक्यावर लाखाचे व्यवहार ठरतात. बोलणारा खोटं बोलत नसतो, ऐकणाराही भोळा नसतो. पण सुगी सोयाबीनची की तुरीची, मुद्दल किती, व्याज किती, पैसे हातात दिले की खात्यात, यातलं काहीच त्या वाक्यात नाही. वाद न्यायालयात जातो तेव्हा नेमके हेच प्रश्न विचारले जातात, आणि तोवर बऱ्याचदा दावा लावायची मुदतही निघून गेलेली असते.

हा लेख दोन्ही बाजूंसाठी आहे: ज्याचे पैसे यायचे आहेत त्या घेणेकऱ्यासाठी आणि ज्याला द्यायचे आहेत त्या देणेकऱ्यासाठी. कागद नीट असला तर दोघांचंही रक्षण होतं. टप्पे क्रमानेच घ्या. बहुतेकांची चूक अशी की पैसे आधी जातात, कागद नंतर होतो आणि जामीनदार सगळ्यात शेवटी आठवतो.

टप्पा १: बंधन कशातून आलं ते ओळखा

दिवाणी कायद्यात बंधन म्हणजे एकाचं देणं आणि दुसऱ्याचा त्यावरचा हक्क. ते पैशाचं असेल, वस्तूचं असेल, काही करण्याचं असेल किंवा काही न करण्याचंही असेल. चार गोष्टी स्पष्ट झाल्या की ते हातात धरता येतं: देणारा कोण, घेणारा कोण, नेमकं काय द्यायचं, आणि कधीपर्यंत.

बंधन बहुतेक वेळा करारातून येतं. करार तोंडी झाला तरी तो करारच असतो, अडचण सिद्ध करताना येते. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार दोघंही सज्ञान, म्हणजे १८ वर्षं पूर्ण झालेले, आणि शुद्धीवर असले पाहिजेत. संमती मोकळी हवी, मोबदला हवा आणि हेतू कायदेशीर हवा. पत्त्यांच्या डावात हरलेल्या पैशाची चिठ्ठी लिहून घेतली तरी ती वसूल होत नाही.

करार नसतानाही बंधन तयार होतं. फोनवरून पैसे पाठवताना एक आकडा चुकून भलत्याच्या खात्यात रक्कम गेली, तर ती परत करायला तो कायद्याने बांधील आहे (कलम ७२). नुसत्या उपकाराचा हेतू नसताना तुम्ही दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केलं आणि त्याने त्याचा फायदा घेतला, तर त्याची भरपाई मागता येते (कलम ७०). दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरून देण्याचं बंधन येतं, आणि पोटगीसारखी काही बंधनं कायदा थेट घालतो. पण रोजचे वाद करारातल्या पैशाचे असतात, म्हणून पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

ऊसतोडीच्या उचलीबद्दल मात्र इथंच सांगायला हवं. उचल म्हणजे हंगामाआधी मजुरीपोटी घेतलेली आगाऊ रक्कम, आणि ते पैशाचं देणं आहे. ती फिटली नाही म्हणून मजुराला किंवा त्याच्या घरच्या माणसाला अडवून ठेवण्याचा हक्क कुणालाही मिळत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे आणि वेठबिगारीपोटीचं कर्ज त्या कायद्यानेच संपतं. उचल घेताना मुकादमाकडून तीन आकडे लिहून घ्या: कोयत्यामागे (तोडणीच्या जोडीमागे) उचल किती, टनाला दर किती, किती टनांनंतर उचल फिटली असं धरायचं. कोऱ्या स्टँपवर अंगठा देऊ नका.

टप्पा २: पैसे हलण्याआधीची तयारी

ही तयारी एका दुपारची आहे आणि पुढची दोन-चार वर्षं वाचवते.

पहिलं, नाव. समोरच्याचं नाव आधार कार्डावर आणि बँक पासबुकात जसं आहे तसंच कागदावर यायला हवं. गावात सगळे "बापू" म्हणतात, पण बापूच्या नावाने समन्स बजावता येत नाही. वडिलांचं नाव, वय, धंदा, गाव, तालुका, जिल्हा लिहा. बापलेकांची किंवा चुलतभावांची नावं सारखी असतील तर ही काळजी दुप्पट घ्या.

दुसरं, पैसे खात्यातून द्या. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम कर्जाऊ म्हणून रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे आणि तेवढीच रक्कम दंड म्हणून लागू शकते. परतफेडीलाही असाच नियम आहे. दोघांचंही उत्पन्न शेतीचं असून कुणाचंच उत्पन्न करपात्र नसेल, तर रोख घेण्याला सूट आहे. तरीही खात्यातून देणंच बरं, कारण बँकेची नोंद हा "पैसे मिळालेच नाहीत" या बचावावरचा सगळ्यात सरळ पुरावा आहे. पाठवताना शेऱ्यात "हातउसने" असं लिहा. नाहीतर पुढं "ते जुन्या मालाचे पैसे होते" असं उत्तर येतं.

तिसरं, व्याज. शेकडा दोन म्हटलं की गावात महिन्याचा दर समजतात, म्हणजे वर्षाला २४ टक्के. एक लाखावर वर्षाचे २४,००० झाले. कागदावर "दरसाल दरशेकडा" की "दरमहा दरशेकडा" हे पूर्ण शब्दांत लिहा. या एका शब्दाने व्याज बारा पट बदलतं.

सावध: व्याजाने पैसे देण्याचा धंदा करायचा तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवाना लागतो. नातेवाइकाला एकदा दिलेले हातउसने म्हणजे सावकारी नव्हे. पण गावभर व्याजाने पैसे फिरवणाऱ्या विनापरवाना माणसाला न्यायालयातून हुकूमनामा (पैसे देण्याचा निकाल) मिळत नाही, उलट त्याच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करतात. परवानाधारक सावकारालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही.

टप्पा ३: कोणता कागद करायचा ते ठरवा

पैसे मागाल तेव्हा परत मिळावेत एवढंच हवं असेल, तर वचनचिठ्ठी करा. हिलाच गावात प्रॉमिसरी नोट किंवा नुसती नोट म्हणतात. ती स्वस्त आहे आणि न्यायालयात वजनदार आहे, कारण खरी ठरलेली चिठ्ठी मोबदल्यापोटीच लिहिली असं कायदा आधी गृहीत धरतो. तसं नव्हतं हे सिद्ध करायचा भार देणेकऱ्यावर पडतो.

हप्ते, अटी, ठरलेली तारीख, माल परत करणं, जामीनदार अशा गोष्टी असतील तर करारनामा करा. ठराविक तारखेची चिठ्ठीही लिहिता येते, पण तिला मुद्रांक शुल्क वेगळं, रकमेप्रमाणे लागतं आणि लोक तिथं चुकतात. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर रुपयांचे बहुतेक दस्त ५०० रुपयांवर गेले आहेत. त्यामुळे घरात पडून असलेला शंभराचा जुना स्टँप काढून त्यावर करार लिहू नका.

"तारीख चुकली तर दुप्पट देईन" अशी ओळ करारात हौसेने घालतात. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी भरपाईच देतं आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. दुप्पट आपोआप मिळत नाही.

सावध, आणि या लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे. कर्जाला तारण म्हणून जमिनीचं खरेदीखत करून देऊ नका. "पैसे दिले की जमीन परत फिरवून देतो" हे तोंडी बोलणं नोंदणीकृत खरेदीखतापुढे टिकवणं फार अवघड जातं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे मुदतखरेदी (पैसे फेडले की जमीन परत, या अटीवरचं खरेदीखत) हे गहाण ठरायचं असेल, तर परतीची अट त्याच दस्तात असावी लागते. वेगळ्या स्टँपवर किंवा वहीत लिहिलेली अट त्यासाठी चालत नाही. जमीन तारण द्यायचीच असेल तर दुय्यम निबंधकाकडे रीतसर गहाणखत करा. ज्यांची जमीन विनापरवाना सावकाराने आधीच अशा तऱ्हेने घेतली आहे, त्यांनी २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा. त्या कायद्यात मागच्या १५ वर्षांतले असे व्यवहार तपासून जमीन परत देण्याची तरतूद आहे.

टप्पा ४: वचनचिठ्ठी लिहिणं

मजकूर असा पुरतो:

"ठिकाण उदगीर, दिनांक १५ जून २०२५. मी (पूर्ण नाव, वय, धंदा, राहणार) लिहून देतो की, मला आपणाकडून (पूर्ण नाव, राहणार) आज रोजी रुपये १,५०,०००, अक्षरी एक लाख पन्नास हजार, माझ्या बँक खात्यात मिळाले. सदर रक्कम दरसाल दरशेकडा १२ टक्के सरळव्याजासह आपण मागाल तेव्हा आपणास अगर आपण हुकूम कराल त्यास बिनशर्त देईन."

यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे.

"बिनशर्त" का? कारण अट घातली की ती वचनचिठ्ठी राहत नाही. "कापूस विकला गेला तर देईन" हे वचनचिठ्ठीत बसत नाही. "रुपये मिळाले" एवढंच लिहिलं आणि "देईन" राहून गेलं, तर ती नुसती पावती झाली.

"अगर आपण हुकूम कराल त्यास" हे शब्द जुने वाटतात म्हणून नवीन लेखनिक गाळतात. मग सवयीने खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घेतात. हुकूम नाही आणि साक्षीदार आहे, असा कागद मुद्रांक कायद्याच्या व्याख्येत बंधपत्र ठरू शकतो. बंधपत्राचं शुल्क जास्त, म्हणजे तुमचा कागद अपुऱ्या मुद्रांकाचा ठरून अडकला.

व्याज घ्यायचं नसेल तर "बिनव्याजी" हा शब्द लिहा. दराची जागा मोकळी सोडणं देणेकऱ्याला महागात पडतं. चिठ्ठीत दर नसेल तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (चेक आणि वचनचिठ्ठ्यांचा कायदा) च्या कलम ८० प्रमाणे देय तारखेपासून १८ टक्के वार्षिक व्याज मागता येतं.

आता क्रम. आधी मजकूर पूर्ण लिहा. मग तो वाचून दाखवा. मग महसुली तिकीट लावा. एक हजारावरच्या मागणीच्या चिठ्ठीला शुल्क २५ पैसेच आहे, पण मिळतं ते एक रुपयाचं तिकीट लावलं तरी चालतं. शेवटी देणेकऱ्याने अशी सही करावी की निम्मी तिकिटावर आणि निम्मी कागदावर येईल, आणि तिकीट पुन्हा वापरता येणार नाही असं रद्द होईल. रद्द न केलेलं तिकीट लावलंच नाही असं कायदा समजतो. इतर दस्तांत कमी पडलेलं शुल्क दंड भरून दुरुस्त होतं, वचनचिठ्ठीत तशी सोय नाही. ती पुराव्यातून जाते, आणि मग बँकेच्या नोंदीवरून मूळ व्यवहार वेगळा सिद्ध करत बसावं लागतं.

देणेकरी अंगठा देणार असेल तर "मजकूर वाचून दाखवला, समजला, कबूल आहे" असं लिहा, आणि वाचून दाखवणाऱ्याचं नाव घाला. रकमेत खाडाखोड झाली तर नवा कागद घ्या.

पडताळा: रक्कम आकड्यात आणि अक्षरात एकच आहे का? तारीख पैसे दिल्याच्या दिवसाची आहे का? कुठली जागा कोरी राहिली आहे का? मूळ चिठ्ठी घेणेकऱ्याकडे आणि तिचा फोटो देणेकऱ्याकडे गेला का?

नोटरीचा शिक्का मारला की कागद "पक्का" होतो, हा समज काढून टाका. सही कुणी केली याला त्याने आधार मिळतो. चुकीचा मजकूर त्याने बरोबर होत नाही, कमी पडलेला मुद्रांकही भरून निघत नाही.

टप्पा ५: जामीनदार

जामीनदार म्हणजे साक्षीदार, असं समजून रोज कितीतरी माणसं सही करतात. साक्षीदार सही पाहिल्याचं सांगतो, जामीनदार पैसे देतो. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. घेणेकऱ्याने आधी देणेकऱ्याच्या मागे लागावं आणि मगच जामीनदाराकडे यावं, असं काही नाही. तो थेट जामीनदारावर दावा लावू शकतो. पतसंस्थेच्या नोटिसा जामीनदाराच्या दारी आधी येतात त्याचं कारण हे.

सही करण्याआधी जामीनदाराने स्वतःच्या हाताने मर्यादा लिहावी: "रुपये ५०,००० पर्यंतच जामीन, फक्त १५ जून २०२५ च्या व्यवहारापुरता." पुढेही चालू राहणाऱ्या उधारीच्या खात्याला जामीन राहिला असाल तर पुढच्या व्यवहारांपुरता तो लेखी कळवून काढून घेता येतो. झालेल्या व्यवहारांतून सुटका नाही.

घेणेकऱ्यासाठी सावधगिरी वेगळी आहे. जामीनदाराला न विचारता व्याज बदललं, हप्ते बदलले किंवा देणेकऱ्याला मुदत वाढवून द्यायचा करार केला, तर जामीनदार सुटू शकतो. नुसतं गप्प बसून थांबलात तर तो सुटत नाही. म्हणून अटी बदलायच्या असतील तर त्याच कागदावर त्याचीही सही घ्या.

जामीनदाराला पैसे भरावे लागलेच, तर भरल्याची पावती त्याने स्वतःच्या नावाने घ्यावी. ती रक्कम मूळ देणेकऱ्याकडून वसूल करण्याचा त्याला हक्क आहे, आणि पावतीशिवाय तो हक्क कागदावरच राहतो.

टप्पा ६: परतफेडीची नोंद

एकाच दुकानाची बियाण्याची, खताची आणि मागच्या वर्षीच्या फवारणीची अशा तीन उधाऱ्या असतील, तर पैसे देताना कोणती फेडतोय ते सांगा आणि पावतीवर लिहून घ्या. देणाऱ्याने सांगितलं तर घेणाऱ्याला ती रक्कम त्याच खात्यात धरावी लागते. सांगितलं नाही तर दुकानदार ती त्याच्या मर्जीच्या बाकीत टाकू शकतो, मुदत उलटलेल्या जुन्या बाकीतसुद्धा. मुद्दलात की व्याजात, हेही लिहा. न लिहिल्यास पैसे आधी व्याजात जातात.

पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं महसुली तिकीट लागतं.

सगळं फिटलं त्या दिवशी तीन गोष्टी परत घ्या: मूळ चिठ्ठी, दिलेले कोरे किंवा पुढच्या तारखेचे चेक, आणि "काही बाकी नाही" असं लिहिलेली सहीची पावती. "चिठ्ठी घरी सापडेना, उद्या देतो" असं म्हटलं तर शेवटचा हप्ता उद्याच द्या. व्याज मिळवून नवी चिठ्ठी लिहून दिली असेल तर जुनीवर "रद्द" लिहून ती ताब्यात घ्या, नाहीतर एका देण्याचे दोन दावे लागू शकतात.

सावध: सही केलेला कोरा चेक "नुसता तारण म्हणून" दिला, या बचावावर विसंबू नका. असा चेकही देण्यापोटी दिला असंच आधी गृहीत धरलं जातं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

टप्पा ७: तीन वर्षांचं घड्याळ

खरे पैसे इथं बुडतात. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षं मिळतात. चूक होते ती ही तीन वर्षं कुठून मोजायची यात.

मागेल तेव्हा द्यायच्या चिठ्ठीची मुदत चिठ्ठीच्या तारखेपासून मोजतात. मागणी केल्यापासून नव्हे. वरच्या नमुन्यातली चिठ्ठी १५ जून २०२५ ची आहे, तर दावा १५ जून २०२८ पर्यंत दाखल झाला पाहिजे. मागणी २०२७ मध्ये केली म्हणून २०३० पर्यंत वेळ मिळत नाही. हातउसन्या पैशाची मुदतही, परतीची तारीख ठरलेली नसेल तर, पैसे दिल्या दिवसापासूनच धावते. परतीची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून. उधार मालाची मुदत माल दिल्यापासून, आणि उधारीचा काळ ठरवला असेल तर तो संपल्यापासून.

घड्याळ नव्याने सुरू करण्याचे दोन रस्ते आहेत, आणि दोन्ही मुदत संपण्याआधीच चालतात.

एक, देणेकऱ्याची लेखी आणि सहीची कबुली. "१५ जून २०२५ च्या चिठ्ठीपोटी आजअखेर माझ्याकडे आपले इतके रुपये देणं आहे" एवढं पुरतं, खाली तारीख हवी. ही कबुली १० मे २०२८ ला मिळाली तर तिथून पुढे तीन वर्षं.

दोन, काही रक्कम भरणं. पण नुसते पैसे हातात पडून उपयोग नाही. भरल्याची नोंद देणेकऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीने असावी लागते. दुकानदाराने आपल्याच वहीत "५,००० जमा" लिहिलं तर मुदत वाढत नाही. चिठ्ठीच्या पाठीमागे देणेकऱ्याकडूनच लिहून घ्या.

मुदत उलटल्यावर घेतलेल्या साध्या कबुलीचा उपयोग नाही. तेव्हा "ही रक्कम मी देईन" असं स्पष्ट, लेखी, सहीचं नवं वचनच लागतं (करार कायदा, कलम २५). देणेकऱ्यांनी हे उलट बाजूने लक्षात ठेवावं: जुन्या बाकीवर "नुसती सही कर" म्हणून पुढे आलेला कागद देणं जिवंत करू शकतो.

सावध: वकिलाची नोटीस पाठवल्याने घड्याळ थांबत नाही. पोलिसांत अर्ज दिल्याने थांबत नाही. भावकीच्या बैठकीत "पाडव्यापर्यंत थांबा" ठरलं तरी थांबत नाही, जोवर देणेकऱ्याची सही त्या कागदावर येत नाही.

फोनवरचे निरोप जपून ठेवा, खोडू नका, मूळ मोबाइल विकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा पुराव्यासोबत कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तरी त्यांना आधार समजा, सहीच्या कागदाची जागा देऊ नका. दुकानाच्या खातेवहीचंही तसंच आहे: एकट्या वहीच्या नोंदीवर कुणावर देणं बसवता येत नाही, जोडीला बिल, पोचपावती किंवा साक्ष लागते.

टप्पा ८: थकलं तर

आधी हिशेब एका पानावर मांडा: मुद्दल, दर, तारखा, आलेली रक्कम, बाकी. मग मुदतीची शेवटची तारीख काढा आणि तिच्या निदान तीन महिने आधी हालचाल सुरू करा. खासगी माणसावर पैशाचा दावा लावायला आधी नोटीस द्यावीच असं कायदा म्हणत नाही. तरी पोस्टाने पोचपावतीसह द्या, अर्धे वाद तिथंच मिटायची शक्यता असते.

चेक न वटल्याचा रस्ता वेगळा आणि फार कडक आहे. चेक त्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाका. तो परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत चेकची रक्कम मागणारी लेखी नोटीस द्या. नोटीस मिळाल्यापासून देणेकऱ्याला १५ दिवस असतात. ते संपल्यापासून एका महिन्यात फिर्याद दाखल करा. तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या हद्दीतल्या न्यायालयात ती होते. यातला एक आकडा चुकला तरी परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चं (चेक न वटल्याचं) प्रकरण अडचणीत येतं. दिवाणी दाव्याचा रस्ता मात्र तीन वर्षांच्या आत असाल तर उघडाच असतो.

दिवाणी दावा प्रतिवादी राहतो तिथं किंवा व्यवहार झाला तिथं लावता येतो. वचनचिठ्ठी किंवा लेखी करारातली ठरीव रक्कम असेल तर वकिलाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालच्या समरी (झटपट चालणाऱ्या) दाव्याबद्दल विचारा. त्यात प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते, आणि पुढे बचाव करायलाही न्यायालयाची परवानगी मागावी लागते. म्हणून असं समन्स आलेल्या देणेकऱ्याने ते घरात ठेवून देऊ नये. दहा दिवस म्हणजे दहाच.

दाव्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून लोकअदालतीत बसता येतं. तिथं झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याची ताकद असते आणि तिच्यावर अपील नाही, त्यामुळे हप्ते आणि तारखा वाचूनच सही करा.

हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. वसुलीसाठी वेगळी दरखास्त लावावी लागते, तिला १२ वर्षं मुदत आहे. शेतकऱ्याची शेतीची अवजारं, गरजेपुरते बैल आणि बियाणं, तो राहतो ते घर यांच्यावर जप्ती आणता येत नाही. शेतजमिनीला हे सरसकट संरक्षण नाही.

टप्पा ९: देणेकरी वारला तर

दहावा-तेरावा होण्याआधी लोक दारात उभे राहतात, आणि बाई किंवा मुलगा समोर आलेल्या कागदावर सही करून मोकळे होतात. ही सही टाळा.

वारसाची जबाबदारी मयताकडून वारशाने आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. पतीचं कर्ज पत्नीने स्वतःच्या कमाईतून, स्त्रीधनातून किंवा माहेरच्या जमिनीतून फेडावं असं कायदा म्हणत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जासाठी "बापाचं ऋण फेडणं मुलाचा धर्म" या एकाच आधारावर मुलावर दावा चालत नाही. एकत्र कुटुंबाच्या गरजेसाठी कर्त्याने घेतलेल्या कर्जाची आणि मुलगा स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार असल्याची गोष्ट वेगळी.

वारसांनी करायचं ते असं. मागणाऱ्याकडे मूळ कागद पाहायला मागा आणि त्याचा फोटो घ्या. कागदावरची तारीख पाहून तीन वर्षं मोजा. मागणारा व्याजाचा धंदा करत असेल तर परवाना दाखवायला सांगा. मयताचं पासबुक आणून पैसे खरंच आले होते का, किती परत गेले, ते ताडून पाहा. वारशाने काय आलं याची यादी करून ठेवा आणि त्यातलं काही विकलं तर हिशेब जपा, कारण त्या मालमत्तेचा हिशेब देता आला नाही तर तेवढ्यापुरती जबाबदारी वारसाच्या अंगावर येते. स्वतःच्या नावाने नवी चिठ्ठी, नवा चेक किंवा "मी देईन" असा शब्द हे सगळं तपासून होईपर्यंत देऊ नका. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुका समितीकडे साधा अर्ज द्यायचा, सोबत आधार कार्डाची प्रत आणि आलेली नोटीस जोडायची.